गडग्यावरचा कवाड्या

चिमाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे, असे भिकाजीराव रेडीज यांनी हेडमास्तरांच्या खोलीत, उभ्याउभ्या आणि शिपायादेखत जाहीर केले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आले की घरी शिकवायचे म्हणजे घरी कुणीतरी शिकवावे लागणार. पण तोवर उन्हासाठी छत्री उघडून झाली होती, आणि उघडलेली छत्री मिटून पुन्हा आत जाणे कचेरीतल्या माणसाला शोभले नसते.

कारण तसे लहान होते. ‘आमचा गाव’ या निबंधात चिमाने वेशीवर बसणाऱ्या बिनसावलीच्या द्वारपालाचे वर्णन केले होते. हेडमास्तरांनी ते भर वर्गात वाचून दाखवले आणि ‘थापा मारायला घरीच शिकवतात वाटतं’ असे म्हटले. वास्तविक तो द्वारपाल चिमाने रचलेला नव्हता. तो ‘कवाडनगरी’तला होता. भिकाजीरावांच्या लहानपणापासून घराघरांतून वाचली जाणारी ही मुलांची पुस्तकमाला. तिचे निघालेले सगळे, म्हणजे पाच भाग रेडीजांच्या फडताळात होते. कवाडनगरी हे जमिनीच्या पोटातले गाव. त्याच्या वेशीवर कवाड्या बसतो. त्याला सावली नसते. तो मुलांना आत सोडतो, पण सोडताना त्यांचे नाव ठेवून घेतो. परत निघताना नाव परत मिळते, असे पहिल्या भागात लिहिले आहे. मात्र परत निघालेले मूल पाचव्या भागापर्यंत कुणी पाहिलेले नव्हते. सहाव्या भागात सगळे कळणार होते. तो निघालाच नाही.

शाळाखात्याचा नियम असा होता की घरी शिकलेल्या मुलाची परीक्षा शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांनी जातीने घ्यायची. मे महिन्यात ते येणार, तोंडी विचारणार, आणि ‘पाचवीस योग्य’ म्हणाले तर चिमा हायस्कुलात जाणार. नाही म्हणाले तर पुन्हा चौथी, पुन्हा तीच शाळा, पुन्हा तेच हेडमास्तर. शिपाई तर होताच.

तेव्हा भिकाजीरावांनी ठरवले की ज्या पुस्तकांवरून अपमान झाला, त्याच पुस्तकांवरून शिकवायचे. सगळे विषय. काव्यगत न्याय म्हणतात तो हा. गोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एवढेच विचारले, “अहो, आणि पाढे?”

पाढ्यांचीही सोय कवाडनगरीत होती. दुसऱ्या भागात तिथला बाजार आहे, आणि त्या बाजारात आवाज तोलून विकतात. तीन कुजबुजींची एक हाक, चार हाकांची एक आरोळी. भिकाजीरावांनी यावर त्रैराशिके बेतली. चिमा इतकी तयार झाली की गोदाबाई स्वयंपाकघरातून ‘चिमे, ये जेवायला’ असे दोनदा ओरडल्या, तर ती आधी चोवीस कुजबुजींचा हिशेब सांगे आणि मग पाटावर बसे.

भूगोलासाठी अंगणात तांदळाच्या पिठाने कवाडनगरीचा नकाशा काढला. समोरच्या गंगूबाईंच्या कोंबड्यांनी दुपारपर्यंत त्यातला पूर्वेकडचा प्रांत वेचून खाल्ला. गंगूबाई या विधवा, एकट्या, आणि खिडकीत बसून आळीचे हित पाहणाऱ्या. त्या म्हणाल्या, “रेडीज, नकाशा चुन्यानं काढावा. माझ्या भावानं गुहागरात वाडीच्या हद्दी चुन्यानंच आखल्यान्, अजून हलल्या नाहीत.” भाऊ वारून वर्षे झाली होती आणि हद्दींचा दावा अजून चालू होता, पण सल्ला घेतला गेला. नकाशा चुन्याने काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशात एक रस्ता जास्त होता.

वेशीपासून निघून तो दक्षिणेला वळत होता आणि अंगण संपते तिथे, जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या गडग्याखाली दिसेनासा होत होता. चुना तसाच, जाडीही तशीच. गडग्याच्या त्या कोपऱ्यात एक मोठा चिरा वर्षानुवर्षे सुटा पडलेला होता. रस्ता बरोबर त्याच्या पायाशी थांबला होता.

“हा कुणी काढला?” भिकाजीरावांनी विचारले.

“तो सहाव्या भागातला रस्ता आहे, बाबा,” चिमा म्हणाली.

“सहावा भाग निघालाच नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर आधी दिसत नव्हता.”

भिकाजीरावांनी कल्पनाशक्तीसाठी तिला दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले, कारण पूर्ण गुण दिल्याने मुले बिघडतात असे त्यांचे मत होते. त्यानंतर त्यांनी तो रस्ता झाडूने पुसला. संध्याकाळी कचेरीतून येऊन पाहतात तो रस्ता जागच्या जागी. मग त्यांनी तो नकाशाचाच भाग आहे असे धरून चालायला सुरुवात केली. कचेरीतही काही गोष्टी अशाच नियमित होतात.

विज्ञानासाठी त्यांनी अंगणाच्या मधोमध एक काठी रोवली होती. रोज दुपारी तिची सावली मोजायची आणि ती कशी आखडत जाते ते पाहायचे. कवाड्याला सावली का नसावी, या प्रश्नाचे हे शास्त्रीय उत्तर होते. आपल्या भागात मे महिन्यात सूर्य एके दिवशी अगदी डोक्यावर येतो आणि माध्यान्ही कुणालाच सावली राहत नाही, हे त्यांनी चिमाला समजावले.

चिमा म्हणाली, “त्या दिवशी कवाड्याची पडते.”

“कुणी सांगितलं?”

“तोच म्हणाला.”

यावर गुण द्यावेत की नाही, हे भिकाजीरावांना ठरवता आले नाही.

इथपर्यंत सगळे बरे चालले होते असेच म्हणावे लागेल. बिघडले ते वक्तृत्वावरून.

डेप्युटी साहेब मुलांना चार वाक्ये खणखणीत बोलायला लावतात, अशी खबर होती. चिमा बोले, पण पुटपुटल्यासारखे, आणि तेही बऱ्याचदा गडग्याकडे तोंड करून. चांगल्या, ठसठशीत मराठीचा नमुना कुठून आणावा? भिकाजीरावांना रावजी आठवला. हा मागच्या आमराईचा राखणदार. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, आणि कुठल्याही कार्यात गाऱ्हाणे घालायला त्याला बोलावीत. देवापुढे उभा राहून, नारळ हातात धरून, कुणाचे काय अडले आहे आणि ते सुटल्यावर देवाला काय पोचेल हे तो अशा थाटात मांडी, की वकिलांनी शिकावे. आपल्या या कीर्तीची त्याला पुरेपूर जाणीव होती. नारळ फुटल्यावर मोठे भकल आपले, हेही त्यानेच ठरवलेले होते.

“गाऱ्हाणं घालीन,” रावजी म्हणाला, “पन कुनाला? रिकाम्या जाग्याला गाऱ्हाणं घालता येत नाय. घातलं तर जागा रिकामी ऱ्हात नाय.”

“कवाड्याला,” चिमा म्हणाली, आणि तिने तो चिरा दाखवला.

धड्याचा सराव म्हणून पाहता ही सूचना उत्तम होती. भिकाजीरावांनी घरातून नारळ आणला. गंगूबाई खिडकी सोडून अंगणात आल्या, ही गोष्ट एरवी सुतकाशिवाय घडत नसे. शेजारचे जैनुद्दीनचाचा गडग्यापलीकडे येऊन उभे राहिले. आयुष्यभर बोटींवर सारंग म्हणून काम करून ते आता घरी बसले होते, आणि कुठेही माणसे जमली की ती बुडायला लागली असावीत तसे बघत. भर दुपार होती. वारा पडलेला. आंब्याच्या पानांचीसुद्धा हालचाल नव्हती.

रावजीने नारळ पुढे धरला.

“हे कवाडनगरीच्या कवाड्या म्हाराजा, ह्या गडग्याच्या कोनात जो तू बसलास…”

“व्हय म्हाराजा,” मंडळी म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने भिकाजीराव म्हणाले. लहानपणापासूनची सवय, ‘म्हाराजा’ ऐकले की कोकणातल्या माणसाच्या तोंडून ‘व्हय’ निघतेच, मग तो देव मानणारा असो की नसो.

“…ही तुजी लेक आज तुज्या पायाशी आलीय. तिला डिपटीच्या परीक्षेत पास कर. कुनी तिच्या वाटंत आडवा येत आसंल तर त्याला बाजूला कर.”

“व्हय म्हाराजा.”

“आनि तू तिचं काम केलंस तर ती तुला…” इथे रावजी थांबला आणि चिमाकडे वळला. “काय देशील? कोंबडा बोल.”

“नाव देईन,” चिमा खणखणीत म्हणाली. तिचे पहिले खणखणीत वाक्य.

“…तर ती तुला नाव देईल, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” भिकाजीराव म्हणाले, आणि शब्दोच्चार स्पष्ट झाला म्हणून त्यांनी मान डोलावली. नारळ चिऱ्यावर आपटला. त्याच्या आत पाणी नव्हते. अगदी कोरडा होता, जणू कुणीतरी आधीच पिऊन ठेवला होता.

रावजीने मोठे भकल नेहमीप्रमाणे उचलले, हुंगले आणि आयुष्यात पहिल्यांदा परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगूबाईंचा तांब्या सापडला. त्यांच्या लग्नातला, सात-आठ वर्षांपासून हरवला होता आणि त्यावरून त्यांनी आळीतल्या प्रत्येकावर आळीपाळीने संशय घेऊन झाला होता. तो गडग्यावर, त्या चिऱ्याच्या वर, घासून लख्ख करून ठेवलेला होता. “काल मी सहज मनात म्हटलं हो,” गंगूबाई म्हणाल्या, “एवढ्या सगळ्यांत माझाही तांब्या बघ म्हणून.”

आठवडाभरात चिऱ्यासमोर नारळांचा ढीग लागला. कुणाची म्हैस, कुणाचा मुंबईतला मुलगा, कुणाचे गळू. पाली बाजारातून एक माणूस फक्त बघायला आला आणि तोही जाताना काहीतरी पुटपुटून गेला. भिकाजीरावांनी पुठ्ठ्यावर लिहून लावले : ‘हा देव नाही. हे शैक्षणिक साहित्य आहे.’ संध्याकाळपर्यंत त्या पुठ्ठ्याला कुंकू लागले होते.

शेवटी ते नगरपालिकेच्या कचेरीत गेले. गडग्याबाहेरची पायवाट सरकारी असल्याने तिथली गर्दी हटवणे नगरपालिकेच्या अखत्यारीत होते.

“अनधिकृत देवस्थान हटवायचं आहे,” ते तिथल्या कारकुनाला म्हणाले.

“देवाचं नाव?”

“देव नाही तो.”

“मग हटवायचं काय?”

“लोक नारळ ठेवतात, ते.”

“नारळ ठेवायला बंदी नाही. देव असेल तर हटवता येईल. पण त्याला देव असल्याचा पंचनामा लागतो. नसेल, तर तो नसल्याबद्दल दोन प्रतिष्ठित साक्षीदार आणा.”

भिकाजीराव प्रतिष्ठित साक्षीदार शोधायला निघाले. त्यांना असे आढळून आले की कवाड्या नाही असे समक्ष सांगायला पुष्कळ लोक तयार आहेत, पण त्याखाली सही करायला एकही नाही. कचेरीतले त्यांचे स्वतःचे हेडक्लार्क, कट्टर सुधारक, म्हणाले, “माझा विश्वास नाहीच. पण मला मुलंबाळं आहेत.”

या सगळ्या गडबडीत रावजीने सहज म्हणून एक गोष्ट सांगितली, आणि ती मात्र भिकाजीरावांच्या मनात रुतली. गाऱ्हाण्यात बोललेले द्यावेच लागते. पोर पास झाली की नाव गेले.

“कुणाचं नाव?”

“जी बोलली तिचं. पुढं तिला कुनी हाक मारली तर तिला लागनार नाय. आपली आपन हसत-खेळत ऱ्हाईल. पन हाकेला येनार नाय.”

भिकाजीराव सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांनी रावजीला अंधश्रद्धेवर थोडे ऐकवले. मग घरी येऊन चिमाला पडवीतून हाक मारली. ती गडग्याशी बसली होती. दुसऱ्या हाकेला उठली. पहिली तिने ऐकली नव्हती की तिला लागली नव्हती, याचा विचार करीत ते तसेच उभे राहिले. गोदाबाईंनी आतून विचारले, “अहो, काय झालं?” “काही नाही,” ते म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांची अडचण अशी झाली, की पोर नापास झाली तर नाक जाणार आणि पास झाली तर पोर जाणार. आणि ही अडचण ज्याला सांगावी असा एकही माणूस देव न मानणाऱ्यांत उरला नव्हता.

त्यांनी जैनुद्दीनचाचांना सांगितली. ते गडग्यापलीकडे जाळे विणत बसले होते.

“सोपा आहे,” चाचा म्हणाले. “मला बोटीवर साहेबानं जोसेफ लावला होता. जैनुद्दीन त्याच्या जिभेला जड जायचा. एकदा दर्या असा उठला, असा उठला, की मी म्हटलं, बाबा, जोसेफला घे. जोसेफ गेला, मी घरी आलो. तुमच्या घरात एखादा फालतू नाव नाय?”

घरात फालतू म्हणावे असे एकच नाव होते, ते बोक्याचे. धोंडू हे नाव त्याला चिमानेच ठेवले होते. म्हणजे एका अर्थी ते तिचेच. भिकाजीराव दुपारी, कुणी नाही असे पाहून, चिऱ्यापुढे उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, की पोरीने नाव द्यायचे कबूल केले होते, कोणते ते म्हटले नव्हते. सबब धोंडू हे नाव पूर्ण व अंतिम मोबदला म्हणून स्वीकारावे. कचेरीतली भाषा कामी आली असे त्यांना वाटले.

संध्याकाळी गोदाबाईंनी मासळीची डोकी टाकून धोंडूला हाक मारली. बोका दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याने कानही हलवला नाही. त्या हाका मारीत राहिल्या, तो समोर बघत राहिला. शेवटी वास आला तेव्हा उठून आला आणि खाल्ले. मात्र हाकेकडे त्याने पुन्हा कधीच पाहिले नाही.

“घेतलान् तर,” रावजी म्हणाला. “पन नाव तुमच्या तोंडात ऱ्हायलं, म्हंजे ता नुसता इसार झाला, रावसाहेब. इसार घेतला म्हंजे सौदा पक्का.”

डेप्युटी साहेब आले ते नेमके त्या काठीची सावली संपण्याच्या दिवशी. यायचे होते सकाळी. वाटेत मोटारीचे चाक बसले आणि त्यांना पोचायला माध्यान्ह झाली. उंच, सुकलेले गृहस्थ, काळा कोट, हातात छत्री. घरात उकडत होते म्हणून त्यांनी अंगणातच खुर्ची मागितली. गंगूबाई खिडकीत होत्या. रावजी आमराईच्या कडेला उभा होता. गोदाबाईंनी कोकमाचे सरबत आणले, ते साहेबांनी एका घोटात संपवले आणि विचारायला सुरुवात केली.

त्यांनी शेकड्याच्या भावाने आंब्याचे गणित घातले. चिमाने डोळे मिटून त्याचे कुजबुजींत रूपांतर केले, उत्तर काढले आणि परत आंब्यांत सांगितले. बरोबर होते. साहेबांनी जिल्ह्यातल्या खाड्या विचारल्या, त्या तिने उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगितल्या. चार वाक्ये बोलायला सांगितले, ती अशी बोलली की आमराईतून रावजीने हुंकार दिला. प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर भिकाजीरावांची छाती फुगत होती आणि नजर गडग्याकडे जात होती. एकदा तर, लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण त्यांनी मनात म्हटले, पोरी, एखादं चूक.

“आता शेवटचं,” साहेब म्हणाले. “पुस्तकातलं नको. स्वतः डोळ्यांनी बघून शिकलीस असं काही दाखव.”

चिमाने काठी दाखवली.

काठीला सावली नव्हती. साहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिले, तिथे नव्हती. छत्री उभी धरून पाहिली. दांड्याची सावली नाही. भिकाजीरावांची नाही, चिमाची नाही. साहेबांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर काहीतरी लहान मुलासारखे उमटले. “वा,” ते म्हणाले, आणि अंगणभर नजर फिरवली. मग ती एका जागी थांबली.

गडग्याच्या कोपऱ्यात, चिऱ्यापाशी, एक सावली पडलेली होती. माणसाची. संध्याकाळच्या उन्हात पडते तशी लांब. तिच्या डोक्याशी चुन्याचा तो जास्तीचा रस्ता संपत होता, आणि तिच्या पायाशी कुणीही नव्हते.

“ही कुणाची?” साहेबांनी विचारले.

“त्याची,” चिमा म्हणाली. “रोज नसते, आजच पडते. आपल्या उलट.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सावली होती तिथेच होती. तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते, की अभ्यासक्रमात नाही त्यावर शेरा मारायचा नाही. ते चिमाकडे वळून म्हणाले, “पाचवीस योग्य.”

गंगूबाईंची खिडकी लागल्याचा आवाज झाला. आणि सावली सरकू लागली. चुन्याच्या रस्त्यावरून, घाई न करता, येणे वसूल करायला निघालेला माणूस येतो तशी. ती चिमाकडे येत होती. चिमा हसत होती, आणि गोदाबाई ओट्यावरून ‘चिमे, आत ये’ म्हणत होत्या, त्या हाकेला ती वळत नव्हती.

भिकाजीराव मध्ये जाऊन उभे राहिले. हातात नारळ नव्हता, रावजी जवळ नव्हता, आणि गाऱ्हाणे घालायची त्यांना सवय नव्हती.

“हे कवाड्या महाराजा,” ते म्हणाले. “पोर पास झाली. बोललेलं मिळेल. पण ती लहान आहे, आणि बोलायला मी शिकवलं तिला. तिचं राहू दे. माझं घे.”

कुणीच काही म्हणाले नाही. गाऱ्हाण्याला दुजोरा मिळाला नाही तर ते पोचत नाही, हे भिकाजीरावांना माहीत होते. सावलीलाही माहीत असावे. ती थांबली, मग त्यांना वळसा घालू लागली.

“व्हय म्हाराजा,” डेप्युटी साहेब म्हणाले.

ते मूळचे कोकणातलेच, केळशीचे. तोंडून निघून गेले. लगेच त्यांनी खोकल्याचे निमित्त केले.

सावली वळली, भिकाजीरावांच्या पायांपर्यंत आली, क्षणभर त्यांच्या पायांना चिकटून त्यांचीच असल्यासारखी दिसली, आणि मग नव्हती. काठीच्या बुंध्याशी रेघभर सावली उमटायला लागली होती. चिमा आईकडे वळून म्हणाली, “काय गं, मारली होतीस का हाक?”

साहेबांनी छत्री उघडली. “अभिनंदन,” ते म्हणाले. “माझ्या शेऱ्यात पालकाचं नाव लिहावं लागेल मला. आपलं नाव…”

“माझं नाव,” चिमाचे वडील म्हणाले. आणि तोंड उघडे ठेवून उभे राहिले.

त्यांना वाटले, उन्हाने झाले असेल. सरबत प्यायले, अर्धा तास पडले. उपयोग झाला नाही. जिथे नाव असायचे तिथे हात घातला तर आत नुसती गार हवा लागे. गंगूबाईंना विचारले, त्या म्हणाल्या, “अहो, असं काय करता, तुम्ही आपले हे… ते… चिमाचे बाबा.” जैनुद्दीनचाचांनी बराच विचार करून सांगितले, “जोसेफ पाहिजे असेल तर घ्या, रिकामाच आहे.” कचेरीत तीन रेडीज होते, त्यामुळे आडनावावर भागेना. तिथले साहेब तिघांकडे बघून अडखळत, आणि काम ज्याचे नाव आठवेल त्याच्याकडे जाई. त्यामुळे त्यांचे काम एकदम हलके झाले. पण मानी माणसाला हलके काम जड जाते. दारावरच्या पाटीवर आडनावाच्या आधी ओली डागाळलेली जागा राहिली होती. ती उन्हातही वाळत नसे.

हे सगळे त्यांनी सोसले असते. पण जून लागला आणि हायस्कुलात नाव घालायची वेळ आली. तिथल्या कारकुनाने शेरा पाहिला, चिमाकडे कौतुकाने पाहिले, टाक दौतीत बुडवला.

“मुलीचं नाव?”

“चिमा.”

“वडलांचं?”

वडील समोर उभे होते. टाकाच्या टोकावर शाई जमली, टपकली.

“वडलांच्या नावाशिवाय नोंद होत नाही,” कारकून म्हणाला. “आज शेवटचा दिवस आहे. आठवलं नाही, तर जुन्या शाळेत चौथीतच बसवा. तिथं नाव घातलेलं असेलच.”

जुन्या शाळेतही ओली डागाळलेली जागा असणार, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते गयावया करू लागले, आणि हेडमास्तरांच्या समोर न वाकलेला माणूस हायस्कुलाच्या कारकुनासमोर वाकताना पाहून गोदाबाई दाराजवळच्या बाकावरून उठल्या.

“मी सांगते,” त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण गोदाबाईंनी नवऱ्याचे नाव एकदाही तोंडातून काढले नव्हते. अहो, हे, चिमाचे बाबा. लग्नाच्या मांडवात बायकांनी अडवून उखाणा घ्यायला लावला, तेव्हाही त्या लाजून पळाल्या होत्या. ज्या ज्या तोंडाने ते नाव वापरले त्या त्या तोंडातून ते गेले होते. गोदाबाईंच्या तोंडी ते कधी आलेच नव्हते. त्यांच्याकडचे कोरे होते.

“तसंच कसं घेऊ,” त्या कारकुनाला म्हणाल्या. “उखाण्यात घेते.” त्यांनी पदर सावरला, जमिनीकडे पाहिले, आणि सरकारी शाळेच्या कचेरीत, प्रवेशाला आलेल्या पालकांसमोर, म्हणाल्या :

“दारी फणस, परसात केळ,
…रावांचं नाव घेते, पोरीच्या प्रवेशाची वेळ.”

कारकुनाने ऐकले, मान हलवली, लिहून घेतले. चिमाच्या वडिलांना मात्र फक्त गोदाबाईंचे ओठ हललेले दिसले. बाकी सगळा उखाणा ऐकू आला. मध्ये एका शब्दाएवढी जागा रिकामी गेली.

“एकदा खात्री करतो,” कारकून म्हणाला, आणि लिहिलेले नाव त्याने मोठ्याने वाचले.

“ओ,” बाहेरच्या व्हरांड्यातून कुणीतरी म्हणाले.

आवाज शांत होता, थोडा खोल; बराच वेळ हाकेची वाट बघत बसलेल्या माणसाचा. कारकुनाने मान वर केली. व्हरांडा रिकामा होता. बाहेर टळटळीत ऊन पडले होते आणि फरशीवर कुणाची सावली नव्हती.

“कोण आहे?” कारकुनाने विचारले.

“ज्याचं नाव आहे तो,” चिमा म्हणाली. “हाक मारली की आता त्याला यावं लागतं.”

चिमाच्या वडिलांनी टोपी नीट केली. पावती घेतली. मग पत्नीकडे पाहिले, आणि काही विचारावे की न विचारावे अशा घोटाळ्यात पडले.

“येऊ दे आला तर,” गोदाबाई म्हणाल्या, आणि चिमाचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या. “मी काय रोज घेणार आहे नाव? चला, अहो.”

ते लगेच मागोमाग निघाले.